फाइलीत न दिसणारा पहारेकरी

लोभ आणि महत्त्वाकांक्षा आपल्या चित्रपटांत बहुधा खलनायकाच्या वाट्याला येतात. कार्यालयात मात्र असा खलनायक क्वचितच भेटतो. भेटतो तो हुशार, कामसू, घरची जबाबदारी नीट सांभाळणारा माणूस. हा माणूस कसा घसरतो, हे पाहायचे असेल तर सत्यजित राय यांचे कोलकात्यावरचे चित्रपट पाहावेत. नोकरीनिमित्त या शहरात आल्यावर मी ते पुन्हा पाहिले, आणि या वेळी ते प्रशासनाचे पाठ्यपुस्तक वाटले.

'सीमाबद्ध' (१९७१) मधला श्यामलेंदू हा पाटण्याच्या शाळाशिक्षकाचा मुलगा. पंखे बनवणाऱ्या कंपनीत तो विक्री व्यवस्थापक आहे आणि त्याचे लक्ष संचालकपदावर आहे. इराकला पाठवायच्या पंख्यांत ऐन वेळी दोष आढळतो. उशीर झाला तर करारातले दंडाचे कलम लागू होणार. पण आवाक्याबाहेरच्या कारणाने माल अडला तर दंड माफ. मग कामगार अधिकाऱ्याच्या मदतीने ते कारण तयार केले जाते. कारखान्यात अशांतता माजते, टाळेबंदी होते, दंड टळतो. या गडबडीत बॉम्ब फुटून एक पहारेकरी गंभीर जखमी होतो. श्यामलेंदू संचालक होतो.

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' ही संकल्पना शिकवतात: व्यवहार दोघांचा आणि त्याची किंमत तिसऱ्याच्या माथी. कारखान्याचा धूर हे तिचे नेहमीचे उदाहरण. तो पहारेकरीही त्यातलाच. करारात त्याचे नाव नाही, नफ्यातोट्यात त्याचा आकडा नाही.

'जन अरण्य' (१९७६) मधला सोमनाथ तर लोभीही नाही. पदवीधर, बेकार, म्हणून ऑर्डरी मिळवून माल पुरवणारा मध्यस्थ झालेला. एका गिरणीची मोठी ऑर्डर मिळवण्यासाठी संबंधित अधिकाऱ्याकडे एक मुलगी पोहोचवायची असते, आणि ती निघते त्याच्याच मित्राची बहीण. तो कचरतो, तरी काम पार पडते. मुलाला कंत्राट मिळाले, हे ऐकून म्हाताऱ्या वडिलांना हायसे वाटते. त्यांनाही किंमत दिसत नाही.

विभागीय चौकशीच्या कित्येक फाइली मी वाचल्या आहेत. जुन्या कंत्राटाची मुदत जाणूनबुजून संपू द्यायची आणि मग 'तातडीची गरज' दाखवून निविदेला फाटा द्यायचा, ही युक्ती त्यांत वारंवार भेटते. श्यामलेंदूचीच ही रीत: आधी अडचण निर्माण करायची, मग तिच्यासाठी असलेल्या सवलतीचा लाभ घ्यायचा. प्रत्येक कागदावर सही, तारीख, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता. ज्याचे नुकसान झाले तो मात्र त्या फाइलीत कुठेच नसतो.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना इथे १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला 'सामना' आठवेल. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा. साखरसम्राट हिंदूराव (निळू फुले) सर्वसमर्थ असतो. पण मास्तर (श्रीराम लागू) मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारत राहतात. त्या एका प्रश्नाने ती सत्ता हादरते. श्यामलेंदूला असे विचारणारे कोणी नाही. त्याची मेहुणी टुटुल बोलत नाही. त्याने वापरायला दिलेले घड्याळ मनगटावरून काढून मुकाट्याने परत करते.

आपल्या टिपणीत खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, हे लिहावेच लागते. तो कोणाच्या अंगावर पडणार, यासाठी रकाना नाही. एखाद्या नियमाने तो छापून येईल, असे मला वाटत नाही. मास्तरांचा प्रश्न सही करणाऱ्याने स्वतःलाच विचारायचा असतो, आणि तोही बढतीच्या आधी. त्यानंतर हाती उरते ते परत आलेले घड्याळ.