पाचगणीच्या खाली आणि पाचगणीच्या पुढे

“बाबा, आपल्याकडे ग्राउस नाहीत का हो?”

आमची सुमी पाचगणीच्या शाळेत असते. फाल्गुनात तिला भेटायला गेलो, तर खाऊचा डबा उघडण्याआधी हा प्रश्न! स्कॉटलंडचा धडा नुकताच झाला होता. तिथे म्हणे डोंगराच्या पायरीपायरीवर या कुळातला वेगळा पक्षी : खाली पाइनच्या रानात थोराड कॅपरकेली, रानाच्या कडेला काळा ग्राउस, वर हेदरच्या माळावर तांबडा, आणि माथ्यावर हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा टार्मिगन.

मी मामांकडे पाहिले. मामा वाईचे, वय ब्याऐंशी. १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत त्यांच्या खांद्याला बंदूक असे.

“ग्राउस हिंदुस्थानात नाही,” मामा म्हणाले. “भावंडं आहेत. उद्या दाखवतो.”

(साहेबलोक दख्खनच्या माळावरल्या पखुर्डीला ‘रॉक ग्राउस’ म्हणत, पण ते नावापुरतेच. ती कोंबड्यांच्या कुळातली नव्हेच.)

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टॅक्सी केली. मामांचा हिशेब ऐकण्यासारखा होता. वाईच्या शेताबांधांवर तित्तिर. पसरणीचा घाट चढून आले की टेबललँडच्या गवतात लावे. खरोखरच, घोडेवाल्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी पठाराच्या कडेने चालताना सुमीच्या पायाखालून लाव्यांचा थवा भुर्रकन उठला. ती किंचाळलीच!

“आता आणखी उंच जायचं?” तिने विचारले.

“उंच नाही, पावसात जायचं,” मामा म्हणाले.

गंमत इथेच आहे. पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांवर. फरक अवघा दोन-अडीचशे फुटांचा. पण महाबळेश्वरी पाऊस दोनशे इंचांच्या वर, आणि जेमतेम पाच कोस अलीकडे पाचगणीला त्याच्या निम्म्यानेही नाही. स्कॉटलंडची शिडी उभी. आमची सह्याद्रीने रस्त्यावर आडवी टाकली आहे. गवत मागे पडते, जांभूळ-अंजनीची दाट राई सुरू होते, आणि त्या राईत चकोत्री व रानकोंबडा.

या कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके असतात. विलायतेत गळाच्या नकली माश्या बांधायला त्यांना मोठी मागणी असे. “मीही पाडलेत,” एवढेच मामा बोलले.

महाबळेश्वरच्या अलीकडे गाडी थांबवली. राईतून आरव आला, अगदी खणखणीत. मामा कानामागे हात धरून उभे होते.

“आला का रे आवाज?” त्यांनी मला विचारले.

मला काही बोलवेना. सुमीने मात्र त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि ओरडली, “कुक्-काया-काया-कुक्!”

“हां, तोच!” म्हातारा खुलला. “पण शेवटी तो हळूच क्युकुन्-क्युकुन् म्हणतो. जवळ असला तरच कळतं. ऐक बरं.”

सुमी श्वास रोखून उभी राहिली. कोंबडा पुन्हा आरवला. मग तिने आजोबांचा हात दाबला.

“म्हणाला, आजोबा.”