आधी चाल, मग झुंज

युद्धपटाचा खेळ नव्यानं हाती घेणारा माणूस सोंगटीवरचा एकच आकडा मन लावून वाचतो: मारक शक्तीचा. शेजारी छापलेला चालीचा आकडा त्याला दुय्यम वाटतो. सैन्य शत्रूपर्यंत नेऊन पोचवणं एवढंच त्या आकड्याचं काम, अशी त्याची समजूत असते. बरेचसे डाव या समजुतीपायी हरले जातात आणि लढायांचा इतिहास वाचतानाही तीच आड येते. माझं म्हणणं असं की, मारक शक्ती तुकडीच्या अंगी कायमची नसते. चाल संपताना तुकडी कुठे पोचली, कोणत्या दिशेला तोंड करून उभी राहिली, किती दमली आणि तिच्या जोडीला वेळेवर कोण आलं, यांवर ती ठरते. हे तपासायला वॉटर्लूपर्यंत जायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या आसपासचा मुलूख पुरेसा आहे.

बुद्धिबळात चाल आणि मार एकच असतात. प्यादं वजिराच्या घरात शिरलं की वजीर मेलाच. प्यादं दमलेलं होतं का, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. युद्धपटानं ही गाठ सोडवली. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी घडवलेल्या ‘क्रीगश्पील’चे नियम मुलानं १८२४ साली प्रसिद्ध केले. त्यात चौकटींचा पट जाऊन १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, प्रत्येक पाळी दोन मिनिटांची ठरली आणि झुंजीचा निकाल फासे व पंच यांच्याकडे गेला. फाशांचं कौतुक पुष्कळ होतं, पण खरी क्रांती त्या दोन मिनिटांत होती. दोन मिनिटांत घोडा जाईल तेवढंच घोडदळ जाणार, म्हणजे वेळ हेच मोजमाप झालं. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या १९५४ च्या ‘टॅक्टिक्स’पासून छापील युद्धपट घरोघरी जाऊ लागले, नंतर षटकोनी घरं आली, आणि झुंजीचा निकालतक्ता दोन्ही बाजूंच्या बळाच्या गुणोत्तरावर बसवला गेला. तीनास एक असं बळ जमलं तर हल्ला बहुधा यशस्वी, बरोबरीत केला तर जुगार. हे तीनास एक आकाशातून पडत नाही. ते चालीनं जमवावं लागतं.

‘नशीब फाशांवर असतं, चालीवर नव्हे,’ या आक्षेपाचं उत्तर त्या तक्त्यातच आहे. गुणोत्तर वाढेल तसा वाईट दानाचा तडाखा कमी होतो. म्हणजे नशिबाला किती वाव द्यायचा हेही चालच ठरवते. ‘ज्याची संख्या जास्त तोच जिंकतो,’ या आक्षेपाचंही तसंच. इंग्रज अभियंता लँचेस्टर यानं १९१६ साली मांडलेल्या सूत्रानुसार, सगळे एकाच वेळी एकमेकांवर मारा करू शकत असतील तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. सारख्या दर्जाचे हजार जण पाचशेंवर एकदम गेले, तर पाचशे संपतात तेव्हा हजारांतले सुमारे ८६६ उरतात. तेच हजार पाचशे-पाचशेच्या दोन लाटांत गेले, तर पहिली लाट शत्रूसह संपते आणि फक्त मागचे पाचशे उरतात. माणसं तीच, शौर्य तेच. फरक फक्त पोचण्याच्या वेळेचा.

आता आष्टी. माढ्याच्या दक्षिणेला, आजच्या मोहोळ तालुक्यातल्या या गावाजवळ २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणं सोडल्यापासून दुसरे बाजीराव तीन महिने पळत होते आणि इंग्रज फौजा मागावर होत्या. जोवर इंग्रजांसोबत पायदळ आणि बाजारबुणगे होते तोवर पेशवे त्यांच्या हाती लागत नव्हते, कारण ताफ्याचा वेग त्यातल्या सर्वांत मंद घटकाएवढाच असतो. १९ तारखेला वेळापुरात असलेल्या जनरल स्मिथला पेशवे सोलापूरहून पंढरपूरच्या वाटेला लागल्याची खबर मिळाली. त्यानं घोडदळ आणि घोड्यांवरचा तोफखाना घेतला, रातोरात मजल मारली आणि सकाळी आष्टी गाठली. निकालाचा मोठा भाग तिथेच ठरला. पेशव्यांकडे घोडदळ हजारोंनी होतं, पण ते निघण्याच्या गडबडीत होतं. लँचेस्टरचं गणित ज्या अटीवर उभं आहे, ती सर्वांनी एकदम भिडण्याची अटच इथे पाळली गेली नाही. गोखले मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले, इंग्रज फळीत क्षणभर गोंधळही उडाला, स्मिथच्या डोक्याला तलवारीचा वार बसला. पण सावरायला इंग्रजांचे स्वार जवळ होते आणि गोखल्यांच्या मागून तेवढ्याच नेटानं कुणी आलं नाही.

‘इंग्रजांची कवायत आणि शस्त्रं श्रेष्ठ होती, त्यात चालीचं काय?’ असं कोणी विचारेल. कवायतीचं महत्त्व मी नाकारत नाही. पण कवायत म्हणजे तरी काय? धावून आल्यावर, फळी मोडल्यावर पुन्हा रांगेत उभं राहण्याचा वेग. तीही चालच आहे. आणि शस्त्रांनी वरचढ फौज हरवता येते, याचा दाखला आष्टीच्या नव्वद वर्षांआधीचा आहे. १७२७-२८ मध्ये निजाम-उल्-मुल्क जड तोफखान्यानिशी पुण्याकडे आला, तेव्हा पहिल्या बाजीरावांनी त्याच्याशी समोरासमोर झुंज घेतली नाही. जालना, खानदेश, गुजरात अशी हुलकावणी देत त्यांनी निजामाला उत्तरेकडे ओढलं, तोफा मागे टाकायला लावल्या आणि पालखेडजवळ पाणी-रसद तोडून कोंडलं. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. निकालतक्ता उघडायची वेळच आली नाही. माढ्याचा किल्ला बांधणारे रावरंभा निंबाळकर हे निजामाच्या पदरचे सरदार. तेव्हा बाजीरावांच्या या चालीचं मोल या किल्ल्याच्या धन्याइतकं कुणाला कळलं असेल?

परदेशी खेळांचे नियम इकडे जसेच्या तसे लावले तर फसगत होते, ती इथेच. बऱ्याच खेळांत शत्रूच्या लगतच्या घरात शिरलेल्या तुकडीला थांबावं लागतं. त्याला ‘झोन ऑफ कंट्रोल’ म्हणतात. सलग आघाड्यांच्या विसाव्या शतकातल्या युद्धाला हा नियम शोभतो. मराठी घोडदळाला तो लावला तर दोनशे स्वारांची टोळी अख्ख्या पलटणीला जागच्या जागी खिळवेल, किंवा स्वतःच अडकून पडेल, दोन्ही खोटं. जमिनीचंही तेच. भीमा आणि सीना यांच्यामधला माढ्याचा पट्टा नकाशावर एका रंगाचा ‘मोकळा प्रदेश’ दिसतो. पण काळ्या रानात पावसाळ्यात तोफेचं चाक रुततं आणि माघ-फाल्गुनात तीच जमीन कडक होते. स्मिथची रात्रीची मजल फेब्रुवारीतली होती. खेळात चालीचा खर्च भूप्रकारानुसार नव्हे, महिन्यानुसार बदलायला हवा.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. सोंगटी सांगाल तिथे जाते, माणूस जातोच असं नाही. आष्टीला छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशव्यांच्या कैदेतून सुटायची त्यांची स्वतःची इच्छाही होती. पेशवे मात्र निसटले आणि जूनपर्यंत सापडले नाहीत. मराठा फौज खेळायला देणाऱ्या २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’सारख्या संगणकी खेळात तुकड्या दमतात, बाजूनं हल्ला झाला की धीर सोडून पळतात, हे चांगलंच आहे; पण स्वतःचं राजकारण असलेली सोंगटी तिथेही नाही. तरीही यानं माझा मुद्दा खोडला जात नाही. मनाविरुद्ध चाललेला माणूस मंद चालतो, म्हणजे इच्छाही अखेर चालीतच उतरते.

गोखल्यांच्या शौर्याला यानं उणेपणा येत नाही. पिछाडी राखणाऱ्याचं यश किती शत्रू मारले यात नसतं, किती वेळ मिळवून दिला यात असतं. आणि पेशवे निसटले ते त्या वेळेवर. मराठीत युद्धपट रचू पाहणाऱ्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे: आष्टीचा डाव मांडाल तेव्हा मारक शक्तीचे आकडे शेवटी छापा. आधी वेळापूर ते आष्टी ही रात्र नीट मोजा.