चमचाभर दूध

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, तरी दुपारी आमच्या आळीतल्या गणपतीपुढची रांग पार किराणा दुकानापर्यंत गेली होती. हरेकाच्या हातात वाटी आणि चमचा. देव दूध पितोय, ही बातमी दिल्लीहून सकाळीच येऊन पोहोचली होती, आणि तेव्हा मोबाइल कुणाकडे नव्हते!

आत्याही जाऊन आली. मी तिला ऐकवलं, "हा पृष्ठताण आहे, आत्या."

"असेल रे बाबा. पण प्यायला ना?"

मग तिनं देवघरातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला. दूध हळूहळू ओढलं गेलं, चमचा रिकामा झाला. मी पुन्हा पृष्ठताण म्हणालो. नववीच्या पुस्तकातला शब्द; त्याचा अर्थ मला तेवढाच ठाऊक होता जेवढा आत्याला अथर्वशीर्षाचा. चमच्याच्या काठावर फुगलेलं दूध मूर्तीला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ थरानं अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तर ते दिसतही नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ सगळ्यांना दिसला. मी मात्र मूर्ती उचलूनसुद्धा पाहिली नव्हती.

ती उचलली आत्यानं, दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी. खालचं लाल वस्त्र चिकट झालेलं, आंबूस वास येत होता. "अगंबाई, सगळं इथं आहे होय," म्हणाली आणि वस्त्र धुवायला टाकलं. घरात खरं निरीक्षण तेवढं एकच झालं. शेजारी मात्र तिनं ते कुणाला सांगितलं नाही. का सांगावं? रांगेत सगळ्यांबरोबर उभं राहण्यात तिला जे मिळालं होतं, त्याचा दुधाशी फारसा संबंध नसावा.

महिन्याभरानं, २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. राजस्थानात नीम का थाना इथं खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. आत्यानं पाण्यावर तुळशीपत्रं ठेवली. मी तिची थट्टा करून, खास चष्मा घेऊन गच्चीवर गेलो आणि आळीतल्या पोरांना चंद्राची सावली समजावून सांगितली. अगदी ऐटीत.

बायकोला तेव्हा पाचवा महिना होता. तिला मी वर बोलावलं नाही. विषाची परीक्षा कशाला, असं काहीसं मनात आलं असावं. आत्यानं विळी आदल्या रात्रीच फळीवर ठेवून दिली होती. ग्रहण सुटेपर्यंत मीही ती खाली काढली नाही.