आर्वीत अक्षरे किती?

भाऊबीजेची यादी आमच्या घरी आजवर बाबाच लिहीत आले. मला चार आत्या, चारी याच वर्धा जिल्ह्यात दिलेल्या. घरात त्यांना नावाने कोणी ओळखतच नाही. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि सेलू हीच त्यांची नावे. डावीकडे गाव, उजवीकडे ओवाळणी, आणि आकडे ओळंबा लावल्यासारखे एकाखाली एक. बाबांनी जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिले, त्याचा हा गुण.

यंदा त्यांचा हात कापू लागला, म्हणून यादी मी संगणकावर केली. पायथन नावाच्या भाषेत 'गावाला दहा घरे राखून ठेव, मग आकडा छाप' असे सांगता येते. तसे सांगितले आणि कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी बोट फिरवीत बेरीज केली, चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली. चष्मा काढून ठेवीत ते म्हणाले, "आता डोळेही गेले रे माझे."

ते वाक्य मला फार लागले. रात्री कागद घेऊन बसलो, तर सेलूच्या पाचशेतला पाच समुद्रपूरच्या एककाखाली येऊन बसलेला! संगणकालाच विचारले, 'आर्वी'त अक्षरे किती? म्हणाला, पाच! आ, र, पाय मोडल्याची खूण, व आणि वेलांटी. युनिकोडने या प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिलेला, आणि हा गृहस्थ क्रमांक मोजतो. समुद्रपूरची आपली पाच अक्षरे त्याच्या लेखी नऊ. दहा घरांत मोकळे उरले एक. सेलूची दोन तो चार धरतो. तिथे मोकळी सहा.

यंत्रापायी अक्षरांना मुरड घालणे वर्ध्याला नवे नाही. १९३६ साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत 'इ'ऐवजी 'अ'लाच वेलांटी दिलेली दिसते. पण आत्यांची गावे मी थोडीच बदलणार!

काना, मात्रा, वेलांट्या वगळून मोजून पाहिले. तरी जमेना, 'स' ऐसपैस, 'र' चिंचोळा. शेवटी यादीच उलटी केली. आकडा आधी, उजव्या बाजूला टेकवून, गाव मागून. आकड्याला ना काना, ना मात्रा.

सकाळी बाबांची बेरीज एका दमात जमली.

"पण गाव मागे का टाकलंस?"

"संगणकाला आपली अक्षरं मोजता येत नाहीत, बाबा. कालची चूक त्याची होती."

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, माझे पेन मागून घेतले आणि समुद्रपूरचा आकडा खोडून कापऱ्या हाताने वर शंभर वाढवले.

"तिला नातू झालाय," ते म्हणाले. "तुझ्या संगणकाला सांग."