चंदनबालेची बेडी आणि सालदाराची उचल



यंदा पर्युषणात स्थानकात चंदनबालेची कथा झाली. ऐकून आल्यावर माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, भगवंतांना तर देव वंदन करायला यायचे. मग कौशांबीतल्या सगळ्याच दासींना त्यांनी का नाही सोडवलं?" ती सध्या हॅरी पॉटर वाचतेय. त्यात डॉबी नावाचा घरगडी एका मोज्यामुळे सुटतो आणि हरखून जातो. विंकी मात्र सुटल्यावर रडत बसते, पिण्याच्या नादी लागते. म्हणून दुसरा प्रश्न असा, की सोडवल्यावर वाईटच होणार असेल, तर सोडवायचं कशाला?

"ज्याचं त्याचं कर्म" म्हटलं की विषय मिटतो. आपल्यात हे उत्तर फार सोयीचं झालंय. पण कथा तसं सांगत नाही. चंपानगरीची राजकन्या वसुमती बाजारात विकली गेली, धनावह शेठांच्या घरी आली. मूला शेठाणीने संशयापोटी तिचं मुंडण केलं, पायात बेडी घातली, तीन दिवस कोंडून ठेवलं. सगळं तिचं कर्मच असतं, तर भगवंतांनी पाच महिने पंचवीस दिवस आहाराविना फिरून शेवटी तिच्याच सुपातले उडदाचे बाकुळे का घेतले? शेठ-सावकारांकडे काय कमी होतं? आधी तिच्या हातचं घेतलं, बेडी त्यानंतर तुटली. पुढे तीच छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली. विंकीला तर शिक्षा म्हणून हाकललेलं. तिला संघ कुठे मिळाला!

आपलं प्रतिक्रमण मात्र मला एका जागी अडखळवतं. पाचव्या व्रतात आपण दुपद-चौपदाची मर्यादा म्हणतो. दुपद म्हणजे दास-दासी, बरं का. सोनं, धान्य, गुरं, आणि त्याच यादीत माणसं! मर्यादा करा म्हटलंय, सोडून द्या असं नाही. पण पुढे पंधरा कर्मादानांत केशवाणिज्यही आहे. माणसं आणि जनावरं विकण्याचा धंदा श्रावकाने करायचाच नाही. निदान बाजार तरी बंद केला.

असाच बाजार आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीच्या लेकाने बंद केला होता. जिजाऊंचे शिवबा 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर होते, तेव्हा त्यांनी डचांना कौल दिला. डच त्या किनाऱ्यावरून माणसं विकत घेऊन बटाव्हियाला, सिलोनला नेत. महाराजांनी व्यापाराची मुभा दिली, पण आमच्या मुलखात बाई असो की पुरुष, गुलाम म्हणून घ्यायचा नाही आणि न्यायचा नाही, हे त्यात घातलं. आधीच्या राजवटीत तुम्हाला ही मोकळीक होती, आता नाही, असंही बजावलं. परदेशी व्यापारी नाराज होण्याची जोखीम होतीच. एवढ्याने जगातला गुलामांचा व्यापार थांबला नाही. जिथे त्यांचा शब्द चालत होता, तिथे त्यांनी तो चालवला.

आमचा शब्द कुठे चालतो? शेतावर. आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो, त्याला उचल दिली जाते. काही वर्षांपूर्वी आमचे जुने सालदार आजारपणात गेले. उचल फिटायची राहिली होती. दीर म्हणाले, पोरगा सोळाचा झालाय, त्याने साल धरावं. सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "बापाची बेडी पोराच्या पायात घालायची नाही." वहीतला आकडा त्यांनी स्वतः खोडला. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असलं कर्ज संपतंच, हे मी नंतर वाचलं. सासूबाईंना कायद्याचा पत्ताही नव्हता.

"उद्या सगळेच हात वर करतील," असं दीर म्हणाले होते, आणि ते अगदीच खोटं ठरलं नाही. पुढच्या वर्षी एक गडी उचल घेऊन ऐन सोयाबीनच्या सोंगणीत निघून गेला. आणि ज्याला सोडवलं तो पोरगा? सहा महिन्यांत मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेला. दिरांना बोलायला जागाच झाली.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. एका संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत त्या पोराच्या आईच्या घरी गेल्या आणि तिच्या हातची भाकर खाऊन आल्या. आमच्या घरातलं कुणी तोवर त्या उंबऱ्याच्या आत गेलं नव्हतं. तेव्हापासून ती माउली आमच्याकडे रोजाने येते, संध्याकाळी हिशेब चुकता होतो. उचलीची पद्धत मात्र दिरांनी अजून पूर्ण मोडलेली नाही. दर पाडव्याला त्यावरून घरात वाद होतो आणि मी सासूबाईंच्या बाजूने बसते.

पोरगा हंगाम संपवून परतला, आता चिखलीला गॅरेजमध्ये आहे. मुकादमाचं थोडं देणं अजून बाकी आहे.