सेतुबंधाचें शहर

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरास युरोपांतील एका शहराविषयीं जिव्हाळा कां वाटावा, असें कोणी विचारील. त्याचें कारण ग्रंथांत आहे. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा वैष्णव, शैव व इतर संप्रदायांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९१३ सालीं प्रसिद्ध झाला, तो पुणें-मुंबई सोडून थेट स्ट्रासबर्ग येथें. ज्या ग्रंथमालेंत तो निघाला ती ब्यूलर यांनीं आरंभिली, आणि त्यांच्या पश्चात्, पूर्वीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे कीलहॉर्न यांनीं पुढें चालविली. त्याहिपूर्वीं १८८० सालीं वाकाटक राजा प्रवरसेन याच्या नांवावर असलेलें ‘सेतुबंध’ हें महाराष्ट्री प्राकृतांतील महाकाव्य तेथील प्राध्यापक गोल्डश्मिट यांनीं संपादून त्याच शहरीं छापविलें. आपल्या मराठीच्या पूर्वज-भाषेंतील काव्य फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवर छापलें जावें, हा योग मला नेहमींच नवलाचा वाटत आला. आणि त्या शहराचा इतिहास जसजसा वाचीत गेलों, तसतसें ‘सेतुबंध’ हें नांव त्या गांवालाहि शोभतें असें वाटूं लागलें.

स्ट्रासबर्ग ऱ्हाईन नदीच्या पश्चिम तीरीं वसलें आहे. जुनें गांव ईल नांवाच्या उपनदीच्या दोन फाट्यांनीं वेढलेल्या बेटावर आहे. इसवी सनापूर्वीं १२ च्या सुमारास रोमन सैन्यानें येथें छावणी घातली. शहराच्या आजच्या नांवाचा अर्थ ‘रस्त्यांवरचें नगर’ असा आहे, आणि रस्ते जेथें मिळतात तेथें माल, माणसें आणि मतें हीं तिन्ही येऊन पडतात. मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग १४३४ ते १४४४ या काळांत येथें राहात होता. १६०५ सालीं योहान कारोलस यानें येथूनच एक वृत्तपत्र काढलें. तें जगांतील पहिलें छापील वृत्तपत्र समजलें जातें. येथील प्रार्थनामंदिराचें शिखर १४३९ सालीं पुरें झालें. त्याची उंची १४२ मीटर असून १६४७ पासून १८७४ पर्यंत तें पृथ्वीवरील सर्वांत उंच बांधकाम होतें. गटे हा जर्मन कविश्रेष्ठ १७७०-७१ मध्यें कायदा शिकावयास येथें आला आणि त्या शिल्पानें भारून गेला.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याहून फार जुनी गोष्ट. शार्लमान सम्राटाच्या नातवांत राज्याच्या वांटणीवरून भाऊबंदकी माजली. वडील भाऊ लोथेर याच्याविरुद्ध लुई आणि चार्ल्स हे दोघे एक झाले आणि १४ फेब्रुवारी ८४२ रोजीं स्ट्रासबर्ग येथें आपापल्या सैन्यांसमोर त्यांनीं परस्परांशीं इमान राखण्याची शपथ घेतली. लुईचे लोक जर्मन बोलत, चार्ल्सचे लोक त्या काळची फ्रेंच. तथापि लुईनें शपथ उच्चारिली ती चार्ल्सच्या लोकांच्या भाषेंत, आणि चार्ल्सनें लुईच्या लोकांच्या. आपला शब्द समोरच्यास कळला पाहिजे, आपल्या लोकांस कळून भागत नाहीं, एवढा विवेक त्या लढवय्यांस होता. निथार्ड नांवाच्या इतिहासकारानें ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेविले; त्यांतील लुईचें वचन हाच फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना उपलब्ध लेख मानला जातो. म्हणजे फ्रेंच भाषेचा पहिला लेख एका जर्मन राजाच्या तोंडचा आहे!

या शहराचें सारेंच वर्तन असें उदार होतें असें मात्र कोणीं समजूं नये. १४ फेब्रुवारी याच तिथीस, १३४९ सालीं, ज्यूंनीं विहिरींत विष कालविल्यामुळें महामारी पसरते अशा आवईवरून येथील ज्यू लोकांस जिवंत जाळण्यांत आलें. त्यानंतर कित्येक शतकें ज्यूंना दिवसां व्यापारास आंत येतां येई. रात्रीं राहतां येत नसे. सायंकाळीं शिंग फुंकलें कीं त्यांनीं वेशीबाहेर पडावें, असा दंडक होता. तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळीं, १७९१ मध्यें, बंद झाला.

१६८१ सालीं चौदाव्या लुईनें हें स्वतंत्र नगर फ्रान्सला जोडलें. शंभर वर्षांनंतरहि रस्त्यांतील माणूस अल्सेशियन ही जर्मन वळणाचीच बोली बोलत होता. तरी फ्रान्सचें राष्ट्रगीत १७९२ च्या एप्रिलांत रूजे द लील यानें रचलें तें याच गांवीं. बोली एक आणि निष्ठा दुसरीकडे असूं शकते, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. पुढें १८७० च्या युद्धांत जर्मन तोफांनीं शहरास वेढिलें आणि २४ ऑगस्टच्या रात्रीं येथील ग्रंथालय जाळलें. लाखों ग्रंथ आणि दुर्मिळ हस्तलिखितें, त्यांत बाराव्या शतकांतील हेराड नामक जोगिणीचा सचित्र कोश, एका रात्रींत भस्म झालीं. त्याच जर्मनांनीं जिंकल्यावर १८७२ सालीं येथें नवें विद्यापीठ उभारिलें, आणि तेथेंच संस्कृताचा तो व्यासंग फुलला. जाळणारा आणि जोपासणारा हात एकाच राष्ट्राचा असूं शकतो. इतिहास वाचतांना हें ध्यानांत ठेवावें लागतें.

यानंतर या गांवाचा जो छळ झाला तो शाळामास्तराच्या विशेष लक्षांत यावा असा आहे. १८७१ मध्यें शहर जर्मन झालें, १९१८ मध्यें फ्रेंच, १९४० मध्यें पुन्हां जर्मन आणि २३ नोव्हेंबर १९४४ रोजीं पुन्हां फ्रेंच. १८७० पूर्वीं जन्मलेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत जगलेली आजीबाई आपल्या घराचा उंबरठा न ओलांडतां चार वेळां परराष्ट्रांत गेली! प्रत्येक वेळीं नव्या राज्यकर्त्यानें पहिला हुकूम काढला तो शाळेवर. १९१८ नंतर फ्रेंच सरकारनें आईबापांच्या जन्मस्थानावरून रहिवाशांस चार वर्गांत विभागून ओळखपत्रें दिलीं आणि कित्येक जर्मनांस ऱ्हाईनपार घालविलें. १८८४ पासून तेथें संस्कृत शिकविणारे, जैन वाङ्मयाचे पंडित लॉयमान यांनाहि शहर सोडून फ्रायबुर्ग येथें जावें लागलें. १९४० नंतर नाझी अंमलांत फ्रेंच बोलण्यास बंदी झाली, रस्त्यांचीं नांवें बदललीं, माणसांचीं नांवें बदललीं, फ्रेंच धाटणीची टोपी घालणें हाहि अपराध झाला. १९४२ पासून अल्सास आणि शेजारच्या मोझेल भागांतील मिळून सुमारें १,३०,००० तरुणांस जर्मन सैन्यांत बळेंच भरती करण्यांत आलें. युद्ध संपल्यावर शाळेंत फ्रेंचचें राज्य आलें, आणि घरची अल्सेशियन बोलणाऱ्या मुलास शिक्षा होऊं लागली. चित्रकार टोमी उंगरर (१९३१-२०१९) याच शहरीं जन्मला. त्याच्या बालपणानें हे दोन्ही जाच सोसले.

मुलाच्या जिभेवर पहारा बसविणें हें मास्तराचें काम नव्हे. माझ्या वर्गांत घांटावरचीं आणि कोंकणांतलीं मुलें एकत्र येत. त्यांस आधीं घरच्या बोलींत गोष्ट सांगूं द्यावी, तिचें कौतुक करावें आणि मग हळूहळू ग्रांथिक भाषेकडे आणावें, असा माझा परिपाठ असे. घरची बोली हिणविली तर मूल मुकें होतें; मुकें मूल कोणतीच भाषा शिकत नाहीं. स्ट्रासबर्गच्या तीन पिढ्यांनीं हें भोगलें. आज तेथें अनेक रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नांवाखालीं अल्सेशियन नांव दिसतें, पण ती बोली सहज बोलणारीं मुलें थोडीं. बोली पाटीवर आली आणि ओसरीवरून गेली, तर तिला जगली असें कसें म्हणावें?

माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत राहतो. गेल्या वर्षीं त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मला हें गांव दाखविलें. ऱ्हाईनच्या पलीकडील केल हें जर्मन गांव. तेथून आम्ही ट्रॅममध्यें बसलों. ही ट्रॅम २०१७ पासून नदी ओलांडून धांवते. युद्धकाळांत येथील पूल उडविले गेले होते. आतां शाळकरी मुलें आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया पुलावरून जातां-येतां बाहेर पाहातहि नाहींत. त्याच शहरीं १९४९ सालीं स्थापन झालेली युरोप परिषद, मानवी हक्कांचें न्यायालय आणि युरोपीय संसदेचें पीठ आहे. तरी २०२० च्या वसंतांत महामारीमुळें सरहद्द एकाएकीं बंद झाली आणि तीन महिने नदीच्या दोन तीरांवरचे आप्त एकमेकांस पारखे झाले. सेतु बांधला कीं काम संपलें, असें होत नाहीं. तो रोज राखावा लागतो.

परततांना पुतण्यानें मला रिपब्लिक चौकांतील १९३६ चें युद्धस्मारक दाखविलें. एक आई बसली आहे. तिच्या आधारानें दोन पुत्र मरणोन्मुख पडले आहेत. दोघांच्या अंगावर गणवेष नाहीं. एक फ्रान्ससाठीं लढला, एक जर्मनीसाठीं, असें समजावयाचें. खालीं एवढेंच कोरलें आहे: ‘आमच्या मृतांस’. कोणत्या देशासाठीं, तें लिहिलेलें नाहीं. लिहावें तरी कोणत्या? मी तेथें बराच वेळ उभा राहिलों. पुतण्याहि कांहीं बोलला नाहीं.

ज्या घरांत आज दोन-तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस एकच विनंति आहे. मुलांस आपली भाषा प्रेमानें द्या. आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याची एक तरी भाषा शिकूं द्या, निदान त्यास दिलेला शब्द त्याच्या भाषेंत उच्चारतां येईल इतकी.