एका रायफलीची पाठचिकित्सा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या मित्राने लिलावात एक ली-एनफिल्ड रायफल घेतली आणि आम्हां दोघांना ती पाहावयास बोलावले. त्याचे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत, मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होते. ही रायफल त्यांच्याच हातची असावी, अशी त्याची श्रद्धा. लाकूड घासून, पॉलिश करून ती दिवाणखान्यात लावावी, हा बेत.

मराठी शिकविणाऱ्या आम्हांला शस्त्रांतले काय कळणार? तरी मित्राजवळची संग्राहकांची पुस्तके उघडून, पोथी तपासावी तशी आम्ही ती तपासली. दस्त्याच्या गळ्याशी पोलादावर राजमुकुट, ‘एनफिल्ड’ आणि १९१७ हे साल. मुख्य पोलादी भागावरचा व नळीवरचा क्रमांक एकच. बोल्टवरचा मात्र निराळा. बोल्ट ज्या त्या रायफलीला बेतून बसवीत. तेव्हा हा उघड प्रक्षेप. मॅगझिनपुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू ही इशापूरच्या कारखान्यातील दुरुस्तीची खूण. म्हणजे रायफल हिंदुस्थानात नांदलेली खरी.

परंतु कुत पडले २९ एप्रिल १९१६ रोजी. हे सांगताना आमचाच आवाज अडखळला. मित्र बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पॉलिश पेपर खणात परत ठेवला.

बदललेल्या बोल्टमुळे संग्राहकांच्या लेखी तिचे मोल उतरते. आम्हांला वाटते, प्रक्षेपही पोथीचा इतिहासच असतो. दस्त्यावरचे पुसट शिक्के घासून टाकले असते, तर तोही उरला नसता. पणजोबांच्या नव्हे, पण कुणा शिपायाच्या हाती ती झिजली होती.